वॉशर-ड्रायरला वाळवतानाही पाणी लागते, हे दुकानात का सांगत नाहीत?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की नाशिकच्या फ्लॅटमधल्या बाल्कन्यांत, पंख्याखाली आणि दारांच्या कडांवर कपडे लटकू लागतात, आणि तीन दिवसांनीही त्यांचा कुबट वास जात नाही. याच त्रासावर उपाय म्हणून गेल्या वर्षी आम्ही धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणारा वॉशर-ड्रायर घेतला. पहिल्याच पावसाळ्यात त्यातून निघणारे कपडे गरम असत खरे, पण घडी घालून कपाटात ठेवले की दुसऱ्या दिवशी ओलसर लागत. याची कारणे शोधताना जे कळले, ते विकत घेण्याआधी कळायला हवे होते, म्हणून हे पत्र.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. पहिल्या खेपेस "काकू, मशीन ओके आहे, हवाच दमट आहे" असे सांगून त्याने सही घेतली. दुसऱ्या खेपेस हीटर बदलावा लागेल, असा अंदाज दिला. बंद ड्रममध्ये गरम हवा फिरत असताना बाहेरच्या दमट हवेचा एवढा काय संबंध, हे मला तेव्हाच खटकले होते. पण यंत्रापुढे आपण विद्यार्थी, म्हणून गप्प बसले.

पुढे ओळखीतल्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावले. त्यांनी यंत्राला हात लावण्याआधी बादली मागितली. यंत्राला पाणी देणारा पाइप काढून तो पंधरा लिटरच्या बादलीत सोडला आणि घड्याळ बघत उभे राहिले. बादली भरायला पाच मिनिटे लागली. मग त्यांनी यंत्राच्या मागच्या बाजूने, पाइप जिथे जोडतात तिथली नखाएवढी जाळी पकडीने ओढून काढली. तिच्यावर तांबूस रेतीचा थर बसलेला होता. त्याच्या आदल्याच महिन्यात सोसायटीची टाकी धुतली होती. "ताई, हिला वाळवताना पाणीच मिळत नाही," असे ते म्हणाले तेव्हा मला आधी ती थट्टाच वाटली.

पण गोष्ट खरी होती. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वॉशर-ड्रायरमध्ये हीटरने तापलेली हवा ओल्या कपड्यांतून फिरते, त्यांतली वाफ घेऊन एका नळीत येते, आणि त्या नळीत नळाच्या गार पाण्याची धार सोडून त्या वाफेचे पुन्हा पाणी केले जाते, जे पंप बाहेर टाकतो. ही धार नसेल तर तीच दमट हवा ड्रममध्ये गोल गोल फिरत राहते. कपडे तापतात, वाळत नाहीत. धुताना हा दोष लपतो, कारण ड्रम भरायला पाच-सात मिनिटे जास्त लागली तरी यंत्र थांबून राहते. वाळवताना मात्र पाणी सतत आणि पुरेशा जोराने लागते. पाणी वाचवा असे सांगणाऱ्या घरात कपडे वाळवण्यासाठी बादल्या ओतायच्या, हा विनोदच आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

आमचा फ्लॅट इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. टाकीची उंची जेमतेम अडीच मीटर जास्त. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे आमच्या नळाला पाव बार. यंत्राच्या पुस्तिकेत किमान अर्धा बार लिहिलेला आहे. खालच्या मजल्यांवरच्या शेजाऱ्यांचे तेच यंत्र व्यवस्थित वाळवते, याचा उलगडा तेव्हा झाला. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते, आणि गरम पाण्याने वाफ नीट थंड होत नाही. त्या दिवसांत वाळवायचेच असेल तर पहाटे लावावे, हे आता आम्ही पाळतो.

दुसरी गोष्ट वजनाची. दुकानातल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 8 किलो होते. वाळवण्याची क्षमता 5 किलो आहे, हे पुस्तिकेच्या मागच्या पानावर सापडले. मी एकदा प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्यावर आमचे एका वेळचे कोरडे कपडे तोलले: दोन जीन्स, चार जाड टॉवेल, दोन डबल चादरी आणि सहा शर्ट, मिळून साडेसहा किलोच्या आसपास भरले. धुवायला हे चालते. वाळवायला त्यांतला एक भाग बाहेर काढावाच लागतो, कारण कपड्यांत हवा खेळायला जागा लागते. जाड आणि पातळ कपडे एकत्र टाकले तर शर्ट कोरडे होतात आणि जीन्सच्या कमरेची पट्टी ओलीच राहते.

बाकीची कारणे थोडक्यात सांगते. पिळण्याचा वेग कमी ठेवला, किंवा साबण जास्त पडून फेस राहिला, तर कपड्यांत पाणी जास्त उरते आणि हीटरवर सगळा भार येतो. वाफेच्या नळीत कपड्यांची पिंज साठते. ती मेकॅनिककडून वेळोवेळी काढून घ्यावी लागते. आणि संध्याकाळी विजेचा दाब 230 वरून 190 व्होल्टवर उतरला, तर हीटरची ताकद तिसऱ्या हिश्शाने घटते, कारण ती दाबाच्या वर्गावर, म्हणजे दाब गुणिले दाब यावर, अवलंबून असते. असे यंत्र एक्स्टेन्शन बोर्डवर लावणे तर सरळ धोक्याचे.

जाळी धुऊन, घराच्या पाइपला छोटा प्रेशर पंप बसवून आणि टॉवेल वेगळे लावून आमचे कपडे आता वाळतात. हीटर आहे तोच आहे. तो बदलला असता तर काही हजार रुपये जाऊन कपडे ओलेच राहिले असते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून शहरातल्या विक्रेत्यांना विनंती आहे की धुण्याचे आणि वाळवण्याचे वजन पाटीवर एकाच आकाराच्या अक्षरांत लिहावे, आणि पाण्याचा किमान दाब किती लागतो ते पैसे घेण्याआधी सांगावे. यंत्र बसवायला येणाऱ्या माणसाने सही घेण्यापूर्वी बादली आणि घड्याळ घेऊन पाच मिनिटे नळापाशी उभे राहावे. कोणी हे सांगायचे नाकारले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक