अहो, ते डिझेल आहे!

संपादकसाहेब,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत पहिल्याच पानावर माथेरानच्या गाडीचा एवढा मोठा फोटो आणि खाली ओळ, 'वाफेचं इंजिन पुन्हा डोंगर चढतंय'. माझा चहा तसाच गार झाला. अहो, ते डिझेल आहे! धुराडं-बिराडं लावून त्याला वरनं जुन्या इंजिनाचा साज चढवलाय, आणि रेल्वेनं ते लपवलेलंही नाही, 'हेरिटेज लूक' म्हणूनच सांगितलंय. तुमच्याकडे येईपर्यंत त्यातला 'लूक' कुठे गळून पडला तेवढं शोधा.

बरं, एक चूक समजू शकतो, रविवारची घाई असते. पण कोपऱ्यातल्या चौकटीत 'माथेरानचं मूळ इंजिन' म्हणून जे छापलंय ते दार्जिलिंगचं! तुमच्याकडे कोणाला चाकं मोजता येतात का? त्या फोटोत एका बाजूला दोन चाकं आहेत आणि बॉयलरवर खोगीर टाकल्यासारखी पाण्याची टाकी. माथेरानच्या इंजिनाला एका बाजूला तीन चाकं आणि टाक्या दोन्ही अंगाला. दार्जिलिंगचं एक इंजिन पुढे नेरळला, म्हणजे माथेरानची गाडी सुटते त्या पायथ्याच्या स्टेशनला आणलं होतं, तेलावर चालवायला, त्याचा फोटो कुणाच्या तरी फाइलमध्ये असणार आणि नेरळ लिहिलेलं दिसलं की झालं तुमचं काम. पाहुण्याचा फोटो घरच्या आजोबांच्या फ्रेममध्ये!

मी हे एवढं रागानं लिहितोय कारण ते खरं इंजिन मी बघितलंय. नुसतं बघितलं नाही, त्याच्यापायी मार खाल्लाय.

साल १९७५, मी नऊ वर्षांचा. मामा नेरळला राहायचे, मे महिन्याची सुट्टी म्हणजे आम्ही तिथेच पडीक. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी छोट्या गाडीच्या शेडकडे पळायचं. डिझेल इंजिनं तेव्हाही होती, पण आम्हा पोरांच्या लेखी त्यांना काडीची किंमत नव्हती, डिझेल लागलं की सगळी पोरं 'हॅऽऽ' करून घरी. वाफेचं निघालं की मात्र कोणी हलायचं नाही. आधी फायरमन राख ओढून काढणार, मग बेलचा भरून कोळसा आत, खालच्या नळ्यांमधनं पांढरी वाफ फस्सकन जमिनीलगत सुटणार आणि आम्ही मुद्दाम त्यात पाय घालायचो, गरम लागला की किंचाळायचं. इंजिन केवढं तर एखाद्या छोट्या टेम्पोएवढं वाटायचं, रूळ जेमतेम दोन फुटांचे, पण अंगातली ऊब चार हातांवरनं लागायची, आणि वास. कोळसा, गरम तेल आणि ओल्या लोखंडाचा. तो वास तुमचं 'लूक'वालं इंजिन कुठनं आणणार?

त्या वर्षी मावसभावाची मुंज होती आणि माझ्यासाठी टेरिकॉटचा शर्ट शिवला होता, फिका निळा, दोन खिसेवाला. आईनं बजावलं होतं, मुंजीच्या आधी अंगाला लावायचा नाही. मी तो आतमध्ये घातला, वरनं जुना शर्ट, आणि मामाबरोबर माथेरानला निघालो. गाडीत बसल्यावर वरचा शर्ट काढून टाकला, कारण समोरच्या बाकावर मुंबईची पोरं बसली होती. जुम्मापट्टी स्टेशनच्या पुढे चढ लागला, वीस फुटाला एक फूट असा चढ आहे तो, इंजिन नुसतं धापा टाकत होतं, मी खिडकीतनं अर्धा बाहेर. आधी डोळ्यात कण गेला. मामीनं पदराचा बोळा केला, त्यावर तोंडानं गरम हवा फुंकून डोळ्यावर धरला, कण निघाला. तोपर्यंत कोणाचं लक्ष नाही आणि छातीवर चटका बसला. बघतो तर नव्या शर्टाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, कडा काळ्या आणि कडक झालेल्या. टेरिकॉट नुसतं जळत नाही हो, वितळतं.

वॉटर पाइप नावाच्या स्टेशनला गाडी पाणी प्यायला थांबली तेव्हा मामा मला धरून इंजिनापाशी घेऊन गेले, अर्ध्या गमतीनं, म्हणाले, "काय हे, पोराच्या मुंजीचा शर्ट जाळलात!" फायरमन काही बोलला नाही. नुसता पाठमोरा झाला. त्याच्या खाकी शर्टाला खांद्यापासून कंबरेपर्यंत अशी पंचवीस-तीस भोकं असतील. मग म्हणाला, "शिवून घेतो, बायको शिवते, तुझी आई पण शिवंल." आईनं शिवला, पण आधी बडवला मला. मुंजीच्या फोटोत मी हात छातीवर घेऊन उभा आहे, सगळ्यांना वाटतं केवढा नम्र मुलगा.

आता सांगा, तुमच्या फोटोतल्या इंजिनानं कोणाचा शर्ट जळेल?

त्या इंजिनाची हुशारी काय होती तेही कधीतरी छापा. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पल कंपनीची अशी चार इंजिनं, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं पदरचे पैसे घालून १९०७ साली ही लाइन सुरू केली तेव्हाची. वळणं इतकी आखूड की सरळ आसाचं (आस म्हणजे दोन चाकांमधला दांडा) इंजिन रुळावर टिकलंच नसतं, म्हणून पुढचा आणि मागचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा आस, आणि बाहेरचा पोकळ आस चाकांसकट त्याच्यावर खुब्याच्या सांध्यासारखा जरा इकडे-तिकडे वळणारा. वळणावर चाकं आपली आपण वळायची. हे मला पन्नाशीत कळलं, लहानपणी आम्हाला वाटायचं ड्रायव्हरला आत स्टिअरिंग आहे.

साज चढवायला माझी हरकत नाही. मागच्या हिवाळ्यात नातवाला घेऊन गेलो होतो, तो खूश होता, फोटो काढले, मजा केली. पण त्यानं विचारलं "आजोबा, ह्याच्यात कोळसा कुठे टाकतात?" तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. आठ वर्षांच्या पोराला जे सांगता येतं ते दोन लाख वाचकांना (तुमचाच आकडा, पहिल्या पानावर छापता) सांगायला काय अडचण आहे? मोठा फोटो पुन्हा छापू नका, दोन ओळींची दुरुस्ती पुरे. आणि ती आतल्या पानावर निविदांच्या खाली नको, जिथे चूक केलीत तिथेच.

आणि एक, हे पत्र छापलंत तर कृपा करून कापू नका. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पाण्याबद्दल मी दोन पानं लिहून पाठवली होती, वेळा, तारखा, सगळं. तुम्ही छापलंत, "परिसरात पाण्याची समस्या आहे. संबंधितांनी लक्ष द्यावे." त्यात समस्या हा शब्दसुद्धा माझा नव्हता. पाणी अजून रात्री अडीचलाच येतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, बदलापूर