करवतकाठी शर्ट

गोळीबार चौक, नागपूर

प्रिय मंग्या,

तुझं पत्र मिळालं. पॉवरलूमवर करवतकाठीसारखाच दातेरी काठ स्वस्तात निघतो, मग हातमागाच्या भानगडीत काहून पडतोस, हे तू माझ्या काळजीपोटीच विचारलंस. पण माझं ठरलंय. आबाजींच्या नावानं शर्ट काढायचे, तर करवतकाठी हातमागावरच विणून घ्यायची.

कारण ऐक. करवतकाठीत अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, कोशाचा (टसर रेशमाचा) आणि काठांचा वेगळा, म्हणून बाणा नेणारे तीन धोटे चालतात. अंग काठाला भेटतं तिथे विणकर दोन्ही धागे हातानं एकमेकांत अडकवतो. त्यातूनच करवतीचे दाते उमटतात. नकली काठ वरून छान दिसतो, पण उलटवला की सुटे धागे लोंबतात. साडीत ते खपून जातं. शर्टात कसं खपेल? नागपूरच्या मे महिन्यात बाह्या दुमडल्याशिवाय कोण फिरतं?

म्हणून मी कफच काढून टाकलाय. काठ हीच बाहीची कड. किनार उसवत नाही, त्यामुळे दुमडून शिलाई मारायची गरज नाही, आणि बाही वर केली तरी काठ तितकाच देखणा. त्यासाठी बाही कापडावर आडवी बेतावी लागते. आमचे शिंपी मास्टर आधी नाहीच म्हणाले. मग मी कापडाचा पूर्ण पन्हा पसरून दाखवला: दोन काठ, दोन बाह्या, एकाच तुकड्यात. ते बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिले आणि खडू उचलला.

जुन्या साड्या कापून शर्ट शिवणारे आहेत, मला ते रुचत नाही. त्यानं कुणाचा माग चालतो? आबाजींचा खड्डामाग होता. बाबा एम्प्रेस मिलमध्ये लागले, १८७७ साली जमशेदजी टाटांनी सुरू केलेल्या. मिल बंद पडली, तिच्या जागेवर आज मॉल आहे; आमचा माग तर त्याआधीच मोडीत निघाला होता. मला कापड नवं विणलेलं हवं आणि विणकराला मजुरी मीटरवर, शर्ट विकला जावो न जावो. हिशेब घट्ट बसतोय, पण बसतोय.

कोसा भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावहून आणतोय. पहिल्या खेपेतला एक शर्ट तुझा. गळा, छाती आणि खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप लगेच कळव. बाही मागावरच ठरते, नंतर वाढवता येत नाही.

तुझा,
दिन्या