खडू गावाच्या हातात

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गावात बैठका घेऊन लोकांकडूनच गावाचा नकाशा आणि कामांचा आराखडा करून घ्यायच्या प्रशिक्षणाचं तू पाठवलेलं वेळापत्रक पाहिलं. संवादकौशल्यावर दीड तास भाषण आणि सरावाला चाळीस मिनिटं! त्यात सरावाला सहकारीच गावकरी होतात आणि फार गुणी वागतात. विचारलं की बोलतात, खुणावलं की थांबतात. त्यांना सांग, एकाने सरपंचाचा पुतण्या व्हा, एकीने दारातच उभं राहा, दोघांनी मोबाइल बघत बसा. मग त्या चाळीस मिनिटांचं काही चीज होईल.

पहिली बैठक घेण्याआधी जागा बघून ये. देवळाचा पार सोयीचा वाटतो, पण तिथे कोण वर बसतं, कोण खाली आणि कोण येतच नाही, हे आधी विचार. अंगणवाडी किंवा शाळेचं पटांगण बरं. खुर्च्या मांडू देऊ नकोस. दहा खुर्च्या आल्या की दहा पुरुष त्यांवर बसतात आणि बायका मागे जमिनीवर. सगळ्यांना एकच सतरंजी, तूही तिच्यावरच. वेळ बायकांना विचारून ठरव आणि आदल्या संध्याकाळी वस्तीवस्तीत फिरून सांग. व्हॉट्सॲपवरचा निरोप ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनाच पोचतो, आणि घरातला फोन बहुतेक वेळा बाप्याच्या खिशात असतो.

गावाचा नकाशा गावकऱ्यांनीच जमिनीवर काढायचा. तीन-चार रंगांची रांगोळी, थोडा चुना, खडे, पाला एवढं पुरे. रांगोळीची पहिली चिमूट मात्र तू टाकू नकोस. ‘आपण आत्ता बसलोय ती जागा कुठे दाखवायची?’ एवढंच विचार आणि दोन पावलं मागे हो. आधी रस्ता, मग ओढा, विहिरी, हातपंप, शेवटी घरं, असा क्रम आपोआप लागतो. उत्तर-दक्षिणेचा हट्ट सुरुवातीला धरलास तर मास्तर पुढे येतात, काठी घेतात आणि नकाशा त्यांचा होतो. गावकऱ्यांनीच आपल्या गावाची पाहणी करायची ही पद्धत रुजवणारे रॉबर्ट चेंबर्स यांनी ‘काठी दुसऱ्याच्या हाती द्या’ असं सांगितलं ते याचसाठी. दिशा शेवटी नोंदव. मास्तरांना घरांची मोजदाद करायला दे, त्यांनाही बरं वाटेल. दोन तास धर. पंचवीसपेक्षा जास्त माणसं असतील तर दोन नकाशे काढ, बायकांचा वेगळा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघ. बायकांच्या नकाशात पाणवठे, सरपणाच्या वाटा, काळोखात टाळायची जागा दिसते. पुरुषांच्या नकाशात त्या जागी बरेचदा मोकळी जमीन असते.

प्रश्नांची तयारी सगळ्यात जास्त कर. ‘पाण्याची अडचण आहे का?’ असं विचारलंस की सगळे ‘हो’ म्हणतील आणि लगेच टाकी मागतील, कारण टाकी देणारं कुणी आलंय असं त्यांना वाटणार. त्याऐवजी विचार, ‘आज पहिला हंडा कुठून आणला? किती वाजता? कोण गेलं होतं?’ मग खरी माहिती हाताला लागते. प्रश्न टाकल्यावर मनात दहापर्यंत मोज. नवी सुलभक, म्हणजे बैठक चालवणारी, चारलाच घाबरते आणि स्वतःच उत्तर सुचवते. पुढचा अर्धा तास गाव तेच उत्तर तिला परत देतं.

सारखं बोलणारा एक तरी असतोच. त्याला चारचौघांत तोडू नकोस. ‘दादा, तुमचा मुद्दा असा लिहिलाय, बरोबर ना?’ म्हणून वाचून दाखव. पुन्हा पुन्हा बोलण्यामागे बऱ्याचदा आपलं लिहिलं गेलं नाही ही शंका असते. म्हणून लिहायला दुसरी जोडीदारीण हवी. विचारणं आणि लिहिणं एकटीने केलंस तर मान खाली जाते आणि कडेला कोण उठून गेलं ते दिसत नाही. शब्द त्यांचेच लिहायचे. ‘विहीर बसली’ असं कुणी म्हणालं तर कागदावर ‘जलस्रोत निकामी’ नको.

कोणतं काम आधी हवं, हा प्राधान्यक्रम लावायला चिंचोके. प्रत्येकाला पाच, समोर प्रत्येक कामाच्या चित्राचा एक डबा. डबे झाकणाचे, झाकणाला भोक पाडलेलं. उघड्यावर ढीग केलेस तर मागून येणारे मोठा ढीग बघून त्यावरच टाकतात. बायकांना चिंचोके आणि पुरुषांना मक्याचे दाणे दिलेस तर मोजताना कोणाला काय हवंय ते वेगळं दिसतं. ही बेरीज म्हणजे निर्णय नव्हे, हे मात्र तिथेच सांगून टाक. निर्णय ग्रामसभेचा.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. 500 मतदारांच्या गावात 75 पुरतात, 1,200 च्या गावात 180 नव्हे, 100 च. तहकूब सभेला तीही अट नाही, आणि गडबड नेमकी तिथे होते: पहिली सभा रिकामी, दुसरीत पाचजण बसून आराखडा मंजूर. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तिची नोंद रजिस्टरात झाली का, हे स्वतः बघ. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाची रीत मला पटते. तिथे अभ्यासगटात हवी तेवढी चर्चा होते, पण निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. वेळ लागतो. प्रकल्पाच्या तारखांना ते झेपत नाही, म्हणून आपल्याकडे मतदानावर भागवतात.

‘मंजूर होईल का?’ असं विचारतीलच. ‘मला माहीत नाही, कोण ठरवतं ते सांगते’ असं म्हण. ‘प्रयत्न करू’ म्हणालीस तर त्याचा अर्थ ‘होणार’ असा घेतला जातो.

उठण्याआधी शाळेच्या गच्चीवरून नकाशाचा फोटो काढ. मग गावातल्याच दोघींकडून तो मोठ्या कागदावर उतरवून घे, कोपऱ्यात काढणाऱ्यांची नावं आणि तारीख. कागद गावात राहू दे, तू फोटो ने. पावसाचं चिन्ह असेल तर उतरवणं आधी, चहा नंतर.

चिंचोके वाळवून डब्यात भरून ठेवलेत, दोनेक किलो असतील. रविवारी आलीस की घेऊन जा.

तुझी,
आई