‘ग्लुटेन-फ्री’चं झालं ‘नो चपाती’ : इंटरलाकेनच्या फॉन्ड्यू डिनरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(युरोप सहली)

विषय : सिलिअ‍ॅक असलेल्या माझ्या मुलीच्या जेवणाबाबत झालेली बेपर्वाई आणि तिची भरपाई

महोदय,

आपल्या उन्हाळी युरोप सहलीला मी, माझे पती आणि आमची बारा वर्षांची मुलगी आलो होतो. परतल्यावर आपल्या कार्यालयात फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, ‘‘मॅडम, बाहेरदेशी पोट थोडंफार बिघडतंच.’’ तोंडी बोलून काही होणार नाही हे तेव्हाच कळलं, म्हणून हे लेखी.

पोट बिघडलं नव्हतं. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. गहू, सातू (बार्ली) किंवा राय या धान्यांमधलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारं तिथलं अस्तर झिजतं. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ग्लुटेन टाळायचं, एवढाच उपचार. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही, हा नियम भारतातही आहे आणि युरोपातही. त्यामुळे ‘थोडासा पाव लागला तर काय होतं’ या प्रश्नाचं उत्तर ‘बरंच काही होतं’ असं आहे.

हे सगळं मी बुकिंगच्या वेळीच लिहून दिलं होतं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं होतं. ‘ग्लुटेन-फ्री मीलची नोंद घेतली आहे’ अशी आपली ईमेल आली, तिची प्रत सोबत आहे. आणि मुळात आम्ही आपली कंपनी निवडली ती ब्रोशरमधली ‘जैन, शुगर-फ्री, ग्लुटेन-फ्री, सगळ्यांची सोय!’ ही ओळ वाचून. उद्गारचिन्ह आपलंच आहे.

सहलीच्या पहिल्याच जेवणाला टूर मॅनेजरांच्या हातातली यादी माझ्या नजरेस पडली. मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं : ‘नो चपाती’. बालरोगतज्ज्ञांच्या पानभर प्रमाणपत्राचं आपल्या कार्यालयात कुणीतरी या दोन शब्दांत लोणचं घातलं होतं. साहजिकच मॅनेजर तिला रोज प्रेमाने भात वाढायला सांगत आणि काम झालं असं समजत. डाळीच्या फोडणीतल्या हिंगाचं काय, हे मला प्रत्येक भारतीय हॉटेलात स्वतः आत जाऊन विचारावं लागलं, कारण बाजारातला बांधानी हिंग बऱ्याचदा मैद्यात कालवलेला असतो. हे मी गाजावाजा न करता निभावून नेलं. माझी तक्रार स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनच्या फॉन्ड्यू डिनरची आहे.

फोनवरच्या गृहस्थांना फॉन्ड्यू म्हणजे चीज सॉस वाटत होता, म्हणून सांगते. जाड बुडाच्या भांड्यात पांढऱ्या वाइनमध्ये चीज वितळवतात, भांडं टेबलावर छोट्या शेगडीवर ठेवतात आणि लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून सगळे त्याच भांड्यात बुडवून खातात. चीज आणि वाइन एकजीव राहावं, फुटू नये, म्हणून त्यात थोडं पिष्ट घालतात. पुष्कळ ठिकाणी ते मक्याचं असतं, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर. तसं असेल तर सिलिअ‍ॅकच्या माणसाने पावाऐवजी उकडलेले बटाटे बुडवून खुशाल खावं. स्वित्झर्लंडमधल्याच फ्रिबूरकडे तर नुसत्या वाशरँ चीजचा फॉन्ड्यू बटाट्यांबरोबर खायची पद्धतच आहे. म्हणजे युरोपातल्या पास्ता-पिझ्झाच्या जेवणांपेक्षा हे जेवण ग्लुटेनशिवाय करणं कितीतरी सोपं. तीन गोष्टी बघायच्या : पिष्ट कशाचं, भांडं आणि काटे वेगळे आहेत का, आणि त्या भांड्यात कुणाचा पाव जात नाही ना. मला सर्वांत राग याचाच आहे. अवघड जागी मी आपल्याकडून फार अपेक्षा ठेवली नव्हती. आपण सोप्या जागी घसरलात.

आदल्या दिवशी बसमध्येच मी मॅनेजरांना या तिन्ही गोष्टी सांगितल्या. जर्मन आणि फ्रेंचमध्ये छापलेलं सिलिअ‍ॅकचं कार्ड आमच्याजवळ होतं, ते दिलं. ‘‘टेन्शन घेऊ नका मॅडम, मी किचनशी बोलतो,’’ म्हणत त्यांनी ते खिशात घातलं. डिनरला आम्हाला वेगळं टेबल मिळालं, बटाटे आले, भांडंही आमचं आम्हाला. हे मक्याच्या पिठातलंच ना, असं मी पुन्हा विचारलं. ‘‘हो हो, सांगितलंय. आणि चीजच तर आहे, त्यात गहू कुठून येणार?’’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पहिला अर्धा भाग स्पष्ट ‘हो’ होता. मुलगी जेवू लागली.

थोड्या वेळाने मॅनेजर टेबलाटेबलावरून फिरत आले. फॉन्ड्यू तळाला लागू नये म्हणून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा ढवळायचा असतो, हे ते सगळ्यांना दाखवत होते. आमच्या टेबलाशी आले आणि हातातला काटा, टोकाच्या पावासकट, सरळ आमच्या भांड्यात घालून त्यांनी आठ काढायला सुरुवात केली. मी ओरडले. आसपासच्या मंडळींनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे नाही.

मी वेट्रेसला बोलावून भांडं बदलून मागितलं आणि कारण सांगितलं. तिचा चेहराच उतरला. आमच्या गटाच्या नोंदीत ‘इंडियन ग्रुप, व्हेज’ एवढंच होतं. सिलिअ‍ॅकबद्दल त्यांना कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. मोठ्या गटांसाठी ते जे तयार मिश्रण वापरतात, त्याचं पाकीट तिने आतून आणून दाखवलं. घटकांत गव्हाचं पीठ होतं. म्हणजे मॅनेजरांचा पाव ही नंतरची गोष्ट, मुलगी पहिल्या घासापासूनच गहू खात होती. एक दिवस आधी कळवलं असतं तर मक्याच्या पिठातला फॉन्ड्यू वेगळ्या भांड्यात, वेगळ्या काट्यांसह दिला असता, असं तिने सांगितलं. त्यांच्या मेनूकार्डावर, अ‍ॅलर्जीबाबत कर्मचाऱ्यांना विचारा, अशी ओळही होती. स्वित्झर्लंडमध्ये 2017 च्या सुधारित अन्न कायद्यापासून रेस्टॉरंटला ही माहिती देणं बंधनकारक आहे, आणि विचारल्यावर त्यांनी ती मिनिटभरात दिली. म्हणून रेस्टॉरंटबद्दल माझी तक्रार नाही. जो प्रश्न विचारलाच नव्हता, त्याचं उत्तर आपल्या माणसाने मला ‘हो’ असं दिलं, तक्रार त्याबद्दल आहे. ‘माहीत नाही’ म्हणाले असते तरी चाललं असतं; आमच्या बॅगेत नाचणीचे लाडू आणि ज्वारीचे खाकरे होते.

रात्री उलट्या सुरू झाल्या. पोट टम्म फुगलं, कळा येत होत्या. सकाळी डॉक्टरांना दाखवावं लागलं. त्याच दिवशी युंगफ्राऊयोखला जायचं होतं : 3,454 मीटरवरचं, युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. सहलीतलं तिचं सर्वांत आवडतं ठिकाण ते होतं, न बघताच. मी तिच्यापाशी थांबले, तिच्या बाबांनी एकट्याने जायला नकार दिला, तिन्ही तिकिटं वाया गेली. आपलं म्हणणं, ‘प्रवाशाने स्वेच्छेने न घेतलेल्या सेवेचा परतावा मिळत नाही.’ यातला ‘स्वेच्छेने’ हा शब्द आपण परत एकदा वाचावा.

मॅनेजर माणूस म्हणून वाईट नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन चौकशी केली, वरून मुलीसाठी चॉकलेट आणलं. त्यावर माल्ट एक्स्ट्रॅक्ट लिहिलं होतं, म्हणजे सातू. यात त्यांचा दोष कमी आणि त्यांना ‘नो चपाती’ हातात देऊन पाठवणाऱ्यांचा जास्त आहे. आमचं कार्ड त्यांनी विमानतळावर परत केलं, घडीसुद्धा न मोडलेलं.

माझ्या मागण्या अशा. डिनर आणि युंगफ्राऊयोख यांची तिघांची रक्कम, तसंच इंटरलाकेनच्या डॉक्टरांचं आणि औषधांचं बिल मला परत मिळावं. माझं प्रमाणपत्र ‘नो चपाती’ कसं झालं याचा लेखी खुलासा मिळावा. आणि प्रत्येक रेस्टॉरंटला आधी लेखी कळवून त्यांचा लेखी होकार घेण्याची पद्धत आपल्याकडे सुरू होत नाही तोवर ब्रोशरमधून ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द काढावा. दुसरं एखादं कुटुंब तो वाचून पैसे भरेल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात खेपा घालाव्या लागणार नाहीत.

आपली,
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : बुकिंग फॉर्म, वैद्यकीय प्रमाणपत्र, आपली ईमेल, मिश्रणाच्या पाकिटाचा फोटो, डॉक्टर व औषधांची बिलं.

ता. क. : ब्रोशरमध्ये त्याच डिनरला ‘शुद्ध शाकाहारी’ म्हटलं आहे. फॉन्ड्यूत बहुतेक वेळा असणारं ग्रुयेर चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. आमच्या गटात दोन जैन कुटुंबं होती. त्यांना काय सांगायचं ते आपण ठरवा.