‘निष्काळजीपणा’ लिहून फाईल बंद करू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अहवाल दोनदा वाचला. गोदामातून चुकीचा माल गेल्याच्या तक्रारी वाढल्यात आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच पॅकरच्या टेबलावरून गेल्यात. ‘मूळ कारण’ या रकान्यात तू लिहिलंस ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’, आणि ‘उपाय’ या रकान्यात ‘समज दिली, पुन्हा प्रशिक्षण दिले’. तुझ्या वरिष्ठांना हे चालेलही. मला पटलं नाही, आणि फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसले.

माझी सगळी नोकरी गुणवत्ता विभागात गेली. असे रकाने मी ढिगाने वाचलेत. ज्या अहवालात कारण म्हणून माणसाकडे बोट दाखवलेलं असतं, ती तक्रार फिरून येते. माणूस बदलला तरी येते. म्हणून आधी स्वतःला एवढंच विचार: या मुलाच्या जागी तुझा सगळ्यांत चोख पॅकर उभा केला, तर त्याच्याकडूनही हे होऊ शकेल का? ‘हो’ असं उत्तर आलं, तर दोष त्या जागेत आहे.

दुसऱ्या महायुद्धातली बी-१७ बाँबर विमानं घे. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरायचं, वैमानिक पंखांचे फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली सोडलेल्या झडपा, मिटवायला हात घालायचा आणि चुकून चाकंच मिटवायचा. विमान पोटावर आपटायचं. नोंद व्हायची ‘वैमानिकाची चूक’. अल्फॉन्स चपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने खटके तपासले. चाकांचा आणि फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी होते, हाताला अगदी सारखे लागणारे. ज्या विमानांत ते तसे नव्हते, त्यांत हा प्रकार आढळत नव्हता. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला. न बघताही बोटांना फरक कळू लागला, आणि ते अपघात थांबले. वैमानिक तेच होते, थकलेलेही तितकेच होते. आजही प्रवासी विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखीच असते.

यातली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती तुलना. चूक कुठे होते हे सगळेच बघतात. ती कुठे होत नाही हे फार थोडे बघतात. आमच्याकडे ग्राइंडिंगच्या एका मशीनवर दर सोमवारी सकाळी रिजेक्शन, म्हणजे मापात न बसणारा माल, यायचं. कामगारांच्या अंगातला सुट्टीचा आळस, असं सगळे ठरवून मोकळे. पण त्याच माणसांचं दुपारचं काम चोख असायचं, शेजारच्या मशीनवरचं सकाळचंही चोख असायचं. शेवटी कळलं की सुट्टीत हे मशीन पूर्ण थंड व्हायचं आणि स्पिंडल, म्हणजे त्याचा फिरता दांडा, तापेपर्यंत माप सरकत राहायचं. शेजारचं मशीन आधी रिकामं फिरवायची पद्धत होती, याला ती नव्हती. काम सुरू करण्याआधी तेही फिरवून तापवायचं ठरलं, आणि रिजेक्शन गेलं. त्याआधी किती जणांना बोलणी बसली होती!

तुझ्या तक्रारीही अशाच फोडून बघ. कोणत्या शिफ्टला, कोणत्या तासाला, कोणत्या रॅकवरचा माल, कोणते कोड? आणि हे मात्र विसरू नकोस: तो मुलगा इतरांपेक्षा किती जास्त ऑर्डर बांधतो? दुप्पट बांधत असेल तर त्याच्या नावावर दुप्पट चुका दिसणारच. सुटे, अनेक प्रकारच्या मालाचे ऑर्डर त्याच्याच टेबलावर येत असतील तर आणखी. अवघड काम सहसा हुशार माणसाच्याच गळ्यात पडतं, आणि मग यादीत नाव त्याचंच वर येतं.

पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत तुला प्रशिक्षणात शिकवली असेलच. टोयोटा या जपानी मोटार कंपनीतले अभियंते ताइइची ओनो यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन बंद का पडलं? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पहिल्या ‘का’ला थांबले असते तर फ्यूज बदलून मशीन चालू केलं असतं आणि ते पुन्हा बंद पडलं असतं. पण ही पद्धत खुर्चीत बसून वापरली की तिचं मातेरं होतं. प्रत्येक ‘का’चं उत्तर जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहायचं असतं. एकाच ‘का’ला दोन-तीन उत्तरं निघाली तर तेवढ्या वाटा चालून बघायच्या. आपल्याला सोयीची तेवढी एकच धरली, तर ती हमखास कुणातरी माणसापाशी जाऊन थांबते.

उपायाचंही तेच. ‘लक्ष द्या’ हा सगळ्यांत दुबळा उपाय. १९६१ साली शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यांनी जपानमधल्या एका कारखान्यात पाहिलं की एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग घालायच्या असताना कामगार अधूनमधून एक विसरतात. त्यांनी पद्धत बदलली: आधी दोन स्प्रिंग एका बशीत काढायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली की लगेच कळतं. तुझ्याकडे एकाच प्रिंटरमधून दोन ऑर्डरची लेबलं एकामागोमाग बाहेर पडत असतील, तर नजर कितीही तीक्ष्ण असली तरी कधीतरी अदलाबदल होणार. एक खोकं बंद झाल्याशिवाय पुढचं लेबल छापलंच जाणार नाही, असं करता येतं का ते विचार.

त्या मुलाला मेमो मात्र देऊ नकोस. मेमो दिलास की बाकीचे आपापल्या चुका झाकायला लागतील आणि तुझ्यापर्यंत खरी माहिती यायची थांबेल. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका विमान वाहतुकीच्या नियामकाऐवजी नासाकडे गोपनीयपणे कळवतात, ते याचसाठी: शिक्षा करणारा आणि ऐकून घेणारा वेगळा ठेवला. जाणूनबुजून नियम मोडणाराही क्वचित भेटतो, त्याला वेगळं वागवावं लागतं. पण त्याच्यासाठी सगळ्यांचं तोंड बंद करू नये.

वरिष्ठ घाई करतील, तर त्यांना सांग की कारण सापडेपर्यंत त्या टेबलावरचा माल दुसऱ्या माणसाने ताडून पाहिल्याशिवाय गाडीत चढणार नाही. आणि हा तात्पुरता बंदोबस्त आहे हे अहवालात त्याच शब्दांत लिही, कधी काढायचा त्या तारखेसकट. तारीख नसली की असा बंदोबस्त कायमचा होऊन बसतो, आणि मग मूळ कारणाची आठवण कुणालाच राहत नाही.

तुझी,
आई