बाबा, मे महिन्याची वाट बघू नका

क्लेर्माँ-फेराँ, फ्रान्स
१६ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, एकेक ओळ सोडून लिहितेय. फोनवर मी डोळ्यांचा विषय काढला की तुम्ही "तिकडे थंडी किती?" विचारता आणि बोलायचं राहून जातं. म्हणून हे पत्र.

थंडी आहे, पण सोसवते. सकाळी साडेसातला निघते तेव्हा अंधारच असतो. वाटेत इथलं मोठं कॅथेड्रल लागतं, सबंध काळ्या दगडाचं. हा सगळा मुलूख जुन्या ज्वालामुखींचा, त्यामुळे दगड आपल्या सह्याद्रीसारखाच. पहिल्या आठवड्यात त्या भिंतीला हात लावला आणि वाईच्या घाटाच्या पायऱ्याच आठवल्या. थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

शाळेत आठवड्याला १२ तास असतात. बाई अर्धा वर्ग माझ्याकडे देतात, दहा-बारा मुलं, त्यांना इंग्रजी बोलतं करायचं. इथे इयत्ता उलट्या मोजतात बरं का! अकरा वर्षांची मुलं सहावीत, पुढच्या वर्षी ती पाचवीत जातात.

या मुलांना 'ह' म्हणता येत नाही. त्यांच्या भाषेत 'ह' लिहितात, पण उच्चारत नाहीत. 'हाउस'चं 'आउस' होतं. दोन आठवडे मी नुसती म्हणून दाखवत होते, काही उपयोग होईना. मग तुमचा पहिलीचा वर्ग आठवला. 'क' आणि 'ख' शिकवताना तुम्ही पोरांना तळहात तोंडासमोर धरायला लावायचात, "वारा लागला तर ख!" तेच केलं. सगळ्यांनी हात तोंडासमोर धरले. मागच्या बाकावरची एक मुलगी, कधी तोंड न उघडणारी, हात तसाच धरून चार-पाच वेळा हळूच 'हाउस, हाउस' म्हणत राहिली आणि मग माझ्याकडे बघून हसली. बाबा, त्या क्षणी तुम्ही वर्गात हवे होतात. तुम्ही दमून घरी यायचात आणि तरी खुशीत असायचात, ते कशामुळे हे मला आता कळतंय.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. इथल्या ल प्युई गावची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे. शाळेच्या खानावळीत ती सॉसेजबरोबर वाढतात. मी घरी आणून तुझ्या गोड्या मसाल्याची आमटी करते. मसाला मार्चपर्यंत पुरेल. हातात महिन्याला साधारण आठशे युरो येतात, भाडं जाऊन भागतं. पैसे पाठवायचे नाहीत.

आता मुख्य. माझं काम ३० एप्रिलला संपतं, म्हणून तुम्ही ऑपरेशन मेपर्यंत ढकललंय, हे आईकडून कळलं. बाबा, असं करू नका. मोतीबिंदू पिकू द्यायचा हा जुना समज झाला. जास्त पिकला की ऑपरेशन उलट अवघड होतं, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. परवा तुम्ही पेपर नुसता चाळून ठेवलात, असं आई म्हणाली. शब्दकोडं न सोडवता पेपर ठेवणारे तुम्ही नव्हेत. मी जवळ नाही याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण माझ्या वाटेकडे डोळे लावून तुमचे डोळे आणखी अधू झाले, तर ते मला सहन होणार नाही.

मामाशी बोलले आहे. तो दोन दिवस येऊन राहील, रिक्षाही तोच ठरवेल. नंतर काही आठवडे थेंब घालावे लागतील. त्यातली दुपारी बाराची वेळ माझी. तेव्हा इथे साडेसात वाजलेले असतात. मी शाळेला निघता निघता फोन करीन, आई थेंब घालेल, मी फोनवर थांबेन.

आई, तू डॉक्टरांकडून फेब्रुवारीतली तारीख घे आणि मला त्याच दिवशी कळव.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, हे पत्र तुम्ही स्वतः वाचलंत की आईने वाचून दाखवलं, ते खरं सांगा.