पेडण्याच्या बोगद्यातल्या माणसांचे आभार

आमचे आबा गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यावर मजुरीला होते. कोकण रेल्वेचा शेवटचा टप्पा याच बोगद्यातल्या मऊ मातीमुळे अडला होता. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली.

आबा गेल्यावर त्यांच्या कामाची माहिती शोधत मी स्टेशनात गेले. ज्या निवृत्त काकांनी दोन तास समोर बसून सगळं सांगितलं, त्यांचे मनापासून आभार. त्यांनी ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबला आणि तो बोटांमधून निसटताना दाखवला. "खडक बरा गो, तो उभा तरी राहता," ते म्हणाले. तिथे माणसंही गाडली गेली, हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

आणि पावसाळ्यात रात्रभर रुळांवर गस्त घालणाऱ्या सगळ्यांचे, नावं ठाऊक नसली तरी, आभार.